मेंदूत पसरणारा कर्करोग : संशोधकांची सामाईक साधने आणि आपली एक सही

दोन वर्षांपूर्वी दिवाळी नुकतीच संपली होती. माझ्या थोरल्या वहिनींचे डोके महिनाभर दुखत होते. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून त्या डोळे तपासून आल्या. पुढे चहाचा कप डाव्या हातातून दोनदा निसटला तेव्हा दादा त्यांना घेऊन जी.पी.कडे गेला आणि तिथून सगळे भराभर घडले. स्कॅनमध्ये मेंदूत गाठ दिसली. पाच वर्षांपूर्वी वहिनींना स्तनाचा कर्करोग झाला होता, उपचार पूर्ण झाले होते आणि आम्ही सर्वांनी तो विषय मनातून काढून टाकला होता. ही गाठ त्याच कर्करोगाची होती.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रुग्णालयातील संशोधन विभागाच्या एका नर्सबाईंनी वहिनींना काही पानांचा एक अर्ज दिला. उद्या काढली जाणारी गाठ तपासणीसाठी लागेल तेवढी वापरून झाल्यावर तिचा उरलेला भाग संशोधनासाठी ठेवण्यास आपली संमती आहे का, असा त्याचा मतितार्थ होता. वहिनींनी तो माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही इंजिनियर. नीट वाचा आणि सांगा, सही करू की नको?"

वाचकहो, मी सॉफ्टवेअरवाला. डॉक्टरकीशी माझा काही संबंध नाही. संगणकाच्या पडद्यावर येणारे लांबलचक करार न वाचता 'मान्य आहे'वर बोट दाबायची माझी रोजची सवय. तो अर्ज मात्र मी दोनदा वाचला आणि तरीही वहिनींना धड उत्तर देता आले नाही. त्यांनी तीन प्रश्न विचारले होते. स्तनातला रोग मेंदूत गेलाच कसा? त्या तुकड्याचे हे लोक करणार काय? आणि यात माझा काय फायदा? त्यानंतर दोन वर्षांत जे वाचले, डॉक्टरांना विचारले आणि समजून घेतले ते या तीन प्रश्नांच्या क्रमाने इथे मांडत आहे. शेवटी पैशाच्या बाजूविषयीही थोडे लिहिले आहे, कारण आजारपणात तो प्रश्न कोणाला चुकत नाही.

बी आणि माती

कर्करोगाच्या मूळ गाठीतून काही पेशी सुटतात, रक्तात उतरतात आणि शरीरभर फिरतात. त्यांतल्या बहुतेक मरतात. एखादी मात्र दूरच्या अवयवात जाऊन रुजते आणि तिथे नवी गाठ धरते. तिला दुय्यम गाठ म्हणतात. आता ही गाठ कुठेही, नशिबाने पडेल तिथे होते का? लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. काही अवयवांत दुय्यम गाठी वारंवार आणि काहींत क्वचितच होतात असे त्यांना आढळले. त्यांनी यासाठी शेतीची उपमा दिली. बी सगळीकडे उडते, पण उगवते ते मानवणाऱ्या मातीतच. आपल्याकडच्या कोणाही शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. तोच हरभरा काळ्या रानात एक तऱ्हेने येतो आणि मुरमाड रानात दुसऱ्या.

मेंदूची माती तर फारच वेगळी आहे. तिथल्या केशवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की रक्तातले पुष्कळसे पदार्थ आत जाऊच शकत नाहीत. यालाच रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर म्हणतात. आपल्या रक्षणासाठी निसर्गाने तो उभा केला आहे. कर्करोगाची पेशी हा अडसर ओलांडून आत गेली तरी तिची सुटका नसते. न्यूयॉर्कमधील डॉ. जोन मासागे यांच्या प्रयोगशाळेत डॉ. मॅन्युएल व्हॅलिएन्टे व सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिले की मेंदूतील आधारपेशींमुळे प्लाझ्मिन नावाचे द्रव्य तयार होते आणि घुसखोर पेशी त्याने मरतात. ज्या थोड्या पेशींजवळ या द्रव्याला निष्प्रभ करणारे प्रथिन असते त्याच तग धरतात आणि केशवाहिनीला चिकटून वाढू लागतात.

म्हणजे मेंदूत रुजलेली पेशी ही साधी पेशी नव्हे. अनेक चाळण्यांतून पार होऊन आलेली ती निवडक पेशी असते. म्हणूनच ती कधीकधी मूळ गाठीपेक्षा वेगळी वागते. ती मेंदूत असली तरी कर्करोग स्तनाचाच राहतो, हेही ध्यानात ठेवावे. याला 'मेंदूचा कर्करोग' म्हणणे चूक आहे, कारण दोहोंचे उपचार वेगळे असतात. फुप्फुसाचा कर्करोग, स्तनाचा कर्करोग आणि मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग हे तीन मेंदूत पसरण्याच्या बाबतीत सर्वांत पुढे आहेत.

आणखी एक अडचण. जो अडसर मेंदूचे रक्षण करतो तोच औषधांनाही अडवतो. गाठीच्या आसपास तो थोडा फुटका होतो, पण सगळीकडे सारखा नाही. त्यामुळे छातीतली गाठ विरघळवणारे औषध मेंदूतल्या गाठीपर्यंत पुरेसे पोहोचेलच असे नसते. त्यातून पूर्वी नव्या औषधांच्या चाचण्यांमधून मेंदूत रोग पसरलेल्या रुग्णांना बहुधा वगळले जाई. चाचणीत घ्यायचे नाही, मग औषध चालते की नाही हे कळणार कसे?

हे चित्र अलीकडे पालटू लागले आहे. ट्युकॅटिनिब या औषधाच्या चाचणीत हर-टू प्रकारच्या स्तनाच्या कर्करोगाच्या ६१२ रुग्णांपैकी २९१ जणांच्या मेंदूत रोग पोहोचलेला होता आणि त्यांना मुद्दाम सामावून घेतले होते. सर्वांना नेहमीची दोन औषधे मिळत होती. मेंदूत रोग असलेल्यांपैकी ज्यांना ट्युकॅटिनिबही मिळाले त्यांच्यातील शंभरातल्या सुमारे २५ जणांचा रोग वर्षभरात पुढे सरकला नाही. ज्यांना ते मिळाले नाही त्यांच्यात हा आकडा शून्य होता. युरोपात २०२१ साली या औषधाला मान्यता मिळाली. पंचवीस हा काही मोठा आकडा नव्हे, पण शून्याच्या शेजारी ठेवून पाहिला की त्याचे मोल कळते.

त्या तुकड्याचे करतात काय?

औषध माणसाला देण्यापूर्वी ते कशावर तरी करून पाहावे लागते. त्यासाठी संशोधकांची मुख्य साधने दोन. पहिले साधन म्हणजे पेशींचा वाण. रुग्णाच्या गाठीतील पेशी काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बशीत पोषक द्रवात वाढवतात. त्या एकदा नीट वाढू लागल्या की दह्याच्या विरजणासारख्या पिढ्यान्‌पिढ्या चालवता येतात. थोडे विरजण शेजारी दिले की त्यांच्या घरीही दही लागते. पेशींचे वाणही असेच एका प्रयोगशाळेतून दुसरीत जातात. दुसरे साधन म्हणजे उंदीर. त्याच्या शरीरात या पेशी सोडून गाठ कशी पसरते ते पाहतात.

माणसाच्या कर्करोगाच्या पेशींचा पहिला टिकाऊ वाण १९५१ साली अमेरिकेत बाल्टिमोरला डॉ. जॉर्ज ओटो गाय यांच्या प्रयोगशाळेत तयार झाला. हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गाठीपासून तो केला म्हणून त्याला हेला असे नाव पडले. याच प्रयोगशाळेशी आपल्या एका मराठी बाईंचा संबंध आहे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या आणि हुजूरपागेत शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे डॉक्टरेटनंतर तिथे पेशीसंवर्धनाचे तंत्र शिकायला गेल्या. परत येऊन त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. आज पुण्यात विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरच्या प्रयोगशाळांना पेशींचे वाण पुरवते. पेशींची ही सामाईक पेढी आपल्या गणेशखिंडीत आहे हे मला डब्लिनमध्ये बसून कळले, याची थोडी शरमच वाटली.

आता मेंदूचा विषय. साध्या वाणातील पेशी उंदराच्या रक्तात सोडल्या तर त्यांतल्या फार थोड्या मेंदूत रुजतात. मग संशोधक काय करतात? मेंदूत रुजलेल्या पेशी बाहेर काढून बशीत वाढवतात, पुन्हा उंदरात सोडतात, पुन्हा मेंदूतून काढतात. असे अनेक फेरे केले की मेंदूकडेच ओढ असलेला वाण हाती येतो. शेतकरी दर हंगामात चांगली कणसे निवडून बियाणे धरतो, तसलाच हा प्रकार. यात बराच काळ जातो, पैसा लागतो आणि उंदीरही पुष्कळ खर्ची पडतात.

असे वाण जगातल्या वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी आपापल्या परीने तयार केले होते. कोणाचा स्तनाच्या कर्करोगाचा, कोणाचा फुप्फुसाच्या, कोणाचा मेलानोमाचा. पण कोणाकडे काय आहे, तो वाण कसा केला, तो उंदराच्या कोणत्या जातीत वाढतो, किती दिवसांत वाढतो, ही माहिती शेकडो निबंधांत विखुरलेली होती. नव्या संशोधकाने सुरुवात कुठून करावी? वरती उल्लेख केलेले डॉ. व्हॅलिएन्टे पुढे माद्रिदला स्पेनच्या राष्ट्रीय कर्करोग संशोधन केंद्रात गेले. त्यांच्या पुढाकाराने १९ प्रयोगशाळा एकत्र आल्या आणि २०२० साली त्यांनी मेंदूत पसरणाऱ्या कर्करोगाच्या पेशीवाणांची एक सामाईक सूची प्रसिद्ध केली. प्रत्येक प्रयोगशाळेने आपल्या वाणांची कुंडलीच त्यात मांडली. वाण कोणत्या कर्करोगाचा, त्याला मेंदूची ओढ कशी लावली, प्राण्यात तो कसा वागतो, सारे एका ठिकाणी आले. या विषयातली अशा तऱ्हेची ती पहिलीच सूची.

माझ्या धंद्यातल्या लोकांना याचे महत्त्व चटकन कळेल. आम्हा प्रोग्रॅमरांचा एक बदनाम डायलॉग आहे, "माझ्या मशीनवर तर चालतंय!" तुमच्या मशीनवर चालत असेल, पण दुसऱ्याच्या मशीनवर तेच चालले पाहिजे, तरच त्याला काम झाले म्हणायचे. त्यासाठी सर्वांनी एकच सामग्री वापरावी लागते आणि तिची लेखी माहिती जवळ असावी लागते. प्रयोगशाळांचेही तसेच आहे. एकीने दाखवलेला औषधाचा गुण दुसरीला त्याच वाणावर पडताळून पाहता आला, तरच पुढे माणसावर चाचणी करण्यात अर्थ.

माहिती नसली तर काय होते याचे एक उदाहरण सांगतो. एमडीए-एमबी-४३५ नावाचा वाण कित्येक वर्षे स्तनाच्या कर्करोगाचा म्हणून जगभर वापरला गेला. त्यावर शेकडो निबंध निघाले. पुढे जनुकांच्या तपासणीत उघड झाले की तो मुळात मेलानोमाचा वाण आहे. कुठेतरी, केव्हातरी बश्यांची अदलाबदल झाली होती. वाईट हेतू कोणाचा नव्हता, पण स्तनाच्या कर्करोगाविषयी काढलेले कितीतरी निष्कर्ष भलत्याच रोगाचे निघाले. आता वाण वापरण्यापूर्वी त्याचा जनुकीय ठसा मूळ नोंदीशी जुळवून पाहण्याची पद्धत रूढ झाली आहे.

या साधनांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. वर्षानुवर्षे बशीत वाढलेली पेशी ही रुग्णाच्या शरीरातील पेशीपासून दूर गेलेली असते. माणसाच्या पेशी उंदरात वाढाव्यात म्हणून प्रतिकारशक्ती नसलेले उंदीर घ्यावे लागतात, तेव्हा शरीराचा स्वतःचा प्रतिकार त्या प्रयोगात दिसतच नाही. म्हणून तिसऱ्या साधनाची गरज पडते, आणि ते म्हणजे रुग्णाच्या गाठीचा खराखुरा तुकडा. वहिनींच्या अर्जात त्याच्याविषयीच विचारले होते. स्पेनमध्ये 'रेनासेर' नावाचे रुग्णालयांचे एक जाळे आहे. शस्त्रक्रियेत काढलेल्या मेंदूतील दुय्यम गाठींचे नमुने त्यातून संशोधनासाठी जमवले जातात.

आपल्या डब्लिनमध्ये

यासाठी फार दूर जायला नको. सेंट स्टीफन्स ग्रीनवर १७८४ साली स्थापन झालेले रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स आपण सर्वांनी बाहेरून पाहिले आहे. तिथल्या प्रा. लिओनी यंग आणि डॉ. दामिर वारेश्लिया यांच्या गटाने अमेरिकेतील पिट्सबर्गच्या संशोधकांबरोबर केलेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी २१ रुग्णांच्या गाठींच्या जोड्या जमवल्या. जोडी म्हणजे एकाच रुग्णाची स्तनातील मूळ गाठ आणि पुढे मेंदूत झालेली गाठ. दोन्हींतली जनुके किती जोराने काम करत आहेत ते त्यांनी ताडून पाहिले. काही जनुके मेंदूतल्या गाठीत जास्त जोरात चालू असल्याचे दिसले. त्यांत हर-टू होते आणि रेट नावाचे दुसरे एक होते. या दोन्हींना रोखणारी औषधे अस्तित्वात आहेत. ती त्यांनी पेशींवर, रुग्णांच्या गाठी वाढवलेल्या उंदरांवर आणि रुग्णांच्या ताज्या तुकड्यांवर करून पाहिली, तेव्हा गुण दिसला. याचा अर्थ उद्या सकाळी ही औषधे सर्वांना मिळतील असा नव्हे. दिशा मिळाली, एवढाच अर्थ घ्यावा.

एकवीस हा आकडा लहान वाटेल. मलाही वाटला होता. पण अशी एक जोडी जमणे किती कठीण आहे पाहा. मेंदूत रोग पोहोचलेल्या सर्वांचीच शस्त्रक्रिया होत नाही, अनेकांना किरणोपचार देतात. म्हणजे मेंदूतला तुकडा मुळात थोड्यांचाच मिळतो. मूळ गाठ पाच-दहा वर्षांपूर्वी दुसऱ्याच रुग्णालयात काढलेली असते आणि मेणाच्या वडीत कुठल्यातरी कपाटात पडून असते. ती शोधायची, दोघांची संमती आणि नोंदी जुळवायच्या. आयर्लंडमध्ये मेंदूच्या शस्त्रक्रिया मुख्यतः डब्लिनचे बोमाँट आणि कॉर्कचे युनिव्हर्सिटी हॉस्पिटल अशा दोन ठिकाणी होतात. पन्नास लाखांच्या आसपास वस्तीच्या देशात अशा जोड्या किती जमणार? वाटून घेतल्याशिवाय इथे कोणाचेच भागत नाही.

अर्ज वाचताना

आता वहिनींचा तिसरा प्रश्न. "यात माझा काय फायदा?" अर्जात याचे उत्तर सरळ लिहिले होते. तुम्हाला स्वतःला बहुधा काही नाही. हे वाचून दादा थोडा चिडला, पण मला ते प्रामाणिक वाटले.

आयर्लंडमध्ये २०१८ च्या आरोग्य संशोधन नियमांनुसार अशा कामाला रुग्णाची स्पष्ट संमती घ्यावी लागते. हेन्रिएटा लॅक्सच्या वेळी तसे काही नव्हते. तिच्या पेशी जगभर विकल्या गेल्या आणि घरच्यांना वीसेक वर्षे त्याचा पत्ताही नव्हता. तिच्या कुटुंबाने एका कंपनीवर लावलेला दावा २०२३ साली आपसांत मिटला. आपल्या हातात असा अर्ज आला तर गोंधळून न जाता पुढील गोष्टी विचाराव्यात :

१. उपचारासाठी काढायचे तेवढेच काढणार, की संशोधनासाठी जास्तीचे काही घेणार? जास्तीचे रक्त वा ऊतक घेणार असतील तर ते वेगळे लिहिलेले असावे.

२. नमुन्यावर नाव असेल की केवळ क्रमांक? क्रमांक आणि नाव यांची जुळणी कोणाकडे राहील?

३. नमुना किंवा त्याची माहिती परदेशी प्रयोगशाळांना वा औषध कंपन्यांना दिली जाईल का? बहुधा जाते. ते पटत नसेल तर आधीच सांगावे.

४. तपासणीत आनुवंशिक दोष सापडला तर आपल्याला कळवणार का? मुलीबाळी असलेल्या घरात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे.

५. पुढे मन बदलले तर संमती मागे घेता येते का? घेता येते. पण तोवर झालेल्या अभ्यासातून आपली माहिती काढून घेता येत नाही.

६. नकार दिला तर उपचारात फरक पडेल का? पडता कामा नये. हे अर्जात लिहिलेले असतेच, तरी तोंडी विचारून घ्यावे.

इंग्रजी समजत असूनही अशा वेळी डोके चालत नाही. म्हणून घरातले कोणीतरी बरोबर असावे आणि शक्य तर अर्ज एक दिवस आधी मागून घ्यावा.

पैशाची बाजू

आमच्याकडे काही गोष्टी वेळेवर झाल्या, काही राहून गेल्या. इतरांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून लिहितो. नियम बदलत असतात, तेव्हा प्रत्यक्ष करताना चौकशी जरूर करावी.

सरकारी रुग्णालयात सार्वजनिक रुग्ण म्हणून राहिल्यास दररोजचे जे शुल्क पडे ते एप्रिल २०२३ पासून रद्द झाले आहे. मान्य औषधांच्या खर्चासाठी एका कुटुंबाला महिन्याला ८० युरोंची मर्यादा आहे. मात्र त्यासाठी औषध योजनेत नाव नोंदवावे लागते. आम्ही दोन महिने उशिरा नोंदवले. जो वैद्यकीय खर्च खिशातून होतो त्यावर २० टक्के करसवलत मिळते आणि मागच्या ४ वर्षांपर्यंतची मागता येते. म्हणून पावत्या एका पाकिटात ठेवण्याची सवय लावावी. नोकरी करणाऱ्याने पुरेसा पी.आर.एस.आय. भरलेला असेल तर आजारपणाचा भत्ता जास्तीत जास्त २ वर्षे मिळू शकतो.

घराच्या कर्जाबरोबर आयुर्विमा सर्वजण घेतात. पण तो मृत्यूनंतरचा असतो. माणूस जिवंत आहे आणि वर्षभर काम करू शकत नाही, या स्थितीसाठी गंभीर आजाराचे किंवा उत्पन्न-संरक्षणाचे वेगळे कवच लागते. दादाकडे ते नव्हते. तिशीतल्या वाचकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. कर्करोगातून बरे झालेल्यांसाठी एक चांगली बातमी आहे. डिसेंबर २०२३ पासून इथल्या विमा कंपन्यांनी स्वीकारलेल्या संहितेनुसार उपचार संपून ७ वर्षे झाली असतील तर ५ लाख युरोंपर्यंतच्या गृहकर्ज-विम्यासाठी जुना कर्करोग विचारात घेतला जात नाही. आजार १८ वर्षांच्या आत झाला असेल तर हीच मुदत ५ वर्षांची आहे.

ज्यांना संशोधनाला हातभार लावायचा असेल त्यांच्यासाठी एक हिशेब. मान्यताप्राप्त संस्थेला वर्षात किमान २५० युरो दिले आणि संस्थेचा एक छोटा अर्ज भरला, तर त्यावरील कर सरकार संस्थेला परत देते. २५० युरोंवर ही रक्कम सुमारे ११२ युरो होते. आपल्या खिशातून जास्त काही जात नाही, फक्त अर्ज भरायचा. वर्षभर थोडेथोडे पाच ठिकाणी देण्यापेक्षा एका ठिकाणी २५० दिले तर जास्त पोहोचते.

एवढे ध्यानात ठेवा

ज्यांना पूर्वी स्तनाचा, फुप्फुसाचा किंवा मेलानोमाचा कर्करोग होऊन गेला आहे त्यांनी पुढील तक्रारी अंगावर काढू नयेत. सकाळी वाढणारी किंवा पूर्वी नसलेली डोकेदुखी, उलट्या, एका बाजूच्या हातापायातील अशक्तपणा, बोलताना शब्द न सापडणे, दोन-दोन दिसणे, तोल जाणे. आयुष्यात पहिल्यांदाच फीट आली तर थेट ९९९ वर फोन करावा. जी.पी.ला भेटताना "मला पूर्वी कर्करोग झाला होता" हे पहिल्याच वाक्यात सांगावे. आम्ही डोळ्यांच्या तपासणीत तीन आठवडे घालवले. डोकेदुखीची दहा कारणे साधी असतात हे खरे, पण ते डॉक्टरांना ठरवू द्यावे. मेंदूत गाठ निघाल्यावर गाडी चालवणे थांबवावे लागते. परवान्याच्या कार्यालयाला आणि गाडीच्या विमा कंपनीला कळवावे लागते. हे घरात कोणाला सुचत नाही.

स्तनाच्या तपासणीसाठी इथे ५० ते ६९ वयाच्या स्त्रियांना ब्रेस्टचेकचे मोफत बोलावणे येते. ते पत्र फ्रिजवर चिकटवून ठेवू नका. तपासणीला जा.

त्या संध्याकाळी मी वहिनींना वरचे इतके काही सांगू शकलो नव्हतो. मला माहीतच नव्हते. मी एवढेच म्हणालो, "वहिनी, तुम्हाला याचा उपयोग होईल असं वाटत नाही. पुढं कोणाला तरी होईल कदाचित." त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "नाहीतरी ते फेकूनच देणार ना? मग ठेवू द्या. आपल्या ओवीलाच कधी लागलं तर?" ओवी माझी पुतणी, तेव्हा चौदा वर्षांची. त्यांनी सही केली. डाव्या हाताने कागद नीट दाबून धरता येत नव्हता, म्हणून तो मी धरला.

शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार झाले, आता औषधे चालू आहेत. दर तीन महिन्यांनी स्कॅन असतो आणि त्या आठवड्यात आमच्या दोन्ही घरांत कोणाला झोप नसते. मागच्या स्कॅनच्या अहवालात 'स्थिर' असा शब्द होता. यंदाच्या गणपतीत वहिनींनी खुर्चीत बसून एकवीस मोदकांना कळ्या पाडल्या. दोन-तीन फुटले, ते मी खाल्ले.

त्यांचा तो तुकडा आज कोणत्या शीतपेटीत, कोणत्या क्रमांकाखाली आहे हे आम्हाला कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. एखाद्या अभ्यासातल्या जोडीत तो असेल किंवा अजून वाट पाहत असेल.

हा लेख म्हणजे वैद्यकीय सल्ला नव्हे. आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणताही निर्णय घेऊ नये. मात्र कोणाला असा अर्ज मराठीतून समजून घ्यायचा असेल तर मंडळाच्या आरोग्य विभागाकडे निरोप ठेवावा. विभागातील डॉक्टर मंडळी शंका सोडवतीलच, आणि नुसते शेजारी बसून वाचायला कोणी हवे असेल तर मी येईन.